अग्रक्रमाचे अपादान : जलद बसमार्ग, चौकातील सिग्नल आणि नियोजनाची भाषा

नगरनियोजनाच्या भाषेचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावे, हे प्रथमदर्शनी काहीसे अनधिकाराचे वाटण्याचा संभव आहे. रस्ता किती रुंद असावा, सिग्नलचे दिवे किती सेकंदांनी बदलावेत, हे ठरविण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि त्यातील जाणकारांशी स्पर्धा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु कोणतीही योजना रस्त्यावर उतरण्यापूर्वी वाक्यांत उतरलेली असते. आयुक्तापासून नगरसेवकापर्यंत आणि वृत्तपत्राच्या वाचकापर्यंत ती पोहोचते ती वाक्यांच्याच रूपाने. वाक्यात जे कारक गाळले गेले, ते पुढे चौकात शोधू गेल्यास सापडत नाही, आणि जलद बसमार्गांच्या बाबतीत आपल्याकडे नेमके हेच घडले, असे या लेखात दाखवावयाचे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली तरी पुरे. ब्राझीलमधील कुरितिबा या नगरीने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्ग राखण्याची पद्धत सुरू केली. २००० साली कोलंबियाच्या बोगोता शहराने ती फार मोठ्या प्रमाणावर अंगीकारली. भारतात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले, आणि वर्षभरातच, डिसेंबर २००६ मध्ये, पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा या देशातील पहिला जलद बसमार्ग वाहता झाला. त्याला 'पथदर्शी प्रकल्प' असे म्हणत. (रस्त्याच्याच प्रकल्पाला 'पथदर्शी' हे विशेषण लागावे, ही पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनी नकळत केलेली कोटी होय.) पुढे दिल्लीत २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे ५.८ किलोमीटरचा मार्ग आणि २००९ मध्ये अहमदाबादचा 'जनमार्ग' आला. पुणे व पिंपरी-चिंचवड येथे २०१५ मध्ये 'रेनबो' या नावाने नवे मार्ग सुरू झाले. दिल्लीचा मार्ग २०१६ मध्ये उखडण्यात आला. पुण्याच्या नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेल्या मार्गाचाही काही भाग २०२३ मध्ये काढण्यात आला. इतक्या अल्पावधीत बांधणे आणि मोडणे या दोन्ही क्रिया घडाव्यात, तेव्हा केवळ अंमलबजावणीतील ढिलाईला बोल लावून भागत नाही. मूळ संकल्पनेच्या मांडणीकडेही पाहावयास हवे.

प्रथम 'जलद' या शब्दाचाच विचार करू. संस्कृतात 'जलद' म्हणजे मेघ. आपण वापरतो तो 'जलद' फारसीतील 'जल्द'वरून आलेला, आणि दोहोंचा संबंध केवळ उच्चारसाम्याचा. मेघवाचक शब्दाशी असे नाते सांगणाऱ्या मार्गाचे 'इंद्रधनुष्य' असे इंग्रजी बारसे व्हावे, हा योगायोग मौजेचा असला तरी तो सोडून देऊ. महत्त्वाची गोष्ट अशी की, मराठी माणसाच्या मनात 'जलद' या शब्दाचा वाहतुकीतील अर्थ मुंबईच्या लोकल गाडीने पक्का केला आहे. तेथे 'जलद' ही 'धीमी'ची प्रतियोगी आहे, आणि ती जलद आहे याचे कारण ती काही स्थानके गाळते. जलद बसमार्गावरील बस मात्र थांबे गाळीत नाही. मग ती जलद होते कशामुळे? बसचा वेळ तीन ठिकाणी जातो : धावण्यात, थांब्यावर उतारू घेण्यात आणि चौकात लाल दिव्यापाशी उभे राहण्यात. राखीव मार्गिकेमुळे यांतील पहिला वेळ कमी होतो, बसचा मजला आणि फलाट एका पातळीवर आणल्याने दुसरा. तिसरा तसाच राहतो. किंबहुना, पुढे दिसेल त्याप्रमाणे, तो वाढण्याचाही संभव असतो. म्हणजे 'जलद' हे विशेषण खरे ठरणे न ठरणे पुष्कळसे सिग्नलवर अवलंबून आहे, आणि सिग्नलविषयी योजनांची भाषा सर्वांत दुबळी आहे.

या संदर्भात मराठीत दोन शब्द आलटून पालटून वापरले जातात : 'प्राधान्य' आणि 'अग्रक्रम'. ते समानार्थी नाहीत. 'प्राधान्य' हे 'प्रधान'पासून झालेले भाववाचक नाम आहे. ते पदवी सांगते, मान सांगते. 'अग्रक्रम' केवळ क्रम सांगतो : अगोदर कोण, नंतर कोण. सिग्नलच्या बाबतीत जे घडते ते क्रमाचे आहे आणि ते सेकंदांत मोजता येते. बस चौकाजवळ येत असल्याची वर्दी यंत्राला मिळते. हिरवा दिवा संपत आला असेल तर तो काही सेकंद लांबविला जातो, लाल दिवा असेल तर तो काही सेकंद आधी संपविला जातो. कोणाच्या मानाचा किंवा अपमानाचा येथे प्रश्न उद्भवत नाही. परंतु सार्वजनिक चर्चेत 'प्राधान्य' हाच शब्द रूढ झाला आणि चर्चाही त्याच वळणाने गेली. मोटारधारकांना आपला दर्जा गेल्याचे वाटू लागले, बसच्या कैवाऱ्यांना गरिबांचा सन्मान झाल्याचे समाधान लाभले, आणि सेकंद कोणीच मोजले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'बसला अग्रक्रम देण्यात येईल' अशा धाटणीची वाक्ये या विषयावरील मराठी लेखनात सर्वत्र आढळतात. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. 'बसला' ही चतुर्थी, आणि जिला दान द्यावयाचे ती बस हे संप्रदान. परंतु पाणिनीय कारकविचारात संप्रदानाबरोबर अपादानही आहे : ज्याच्यापासून काही दूर होते, वेगळे होते, तो अवधी. मराठीत ते सामान्यतः 'ऊन', 'हून' या पंचमीच्या प्रत्ययांनी व्यक्त होते. प्रत्येक दानक्रियेला अपादानाची आकांक्षा असतेच असे नाही; आशीर्वाद देताना कोणाजवळचे काही कमी होत नाही. सिग्नलचे सेकंद मात्र आशीर्वादासारखे नाहीत. चौकाचे एक आवर्तन १२० सेकंदांचे असेल तर ते १२० सेकंदच आहेत. बसला दहा दिले म्हणजे ते कोणापासून तरी घेतले. 'बसला अग्रक्रम' हे पद म्हणून अपूर्ण आहे. अग्रक्रम कोणाहून, हे सांगितल्यावाचून त्याचा अर्थच पुरा होत नाही.

हे व्याकरण्याचे शब्दच्छल वाटू नये म्हणून थोडे गणित करून पाहू. १२० सेकंदांच्या आवर्तनात बसच्या दिशेला ४० सेकंद हिरवा आणि ८० सेकंद लाल दिवा आहे, असे धरा. बस कोणत्याही क्षणी येऊ शकते असे मानले, तर तिला सरासरी २७ सेकंदांच्या जवळपास थांबावे लागते. आता हिरवा दिवा गरजेनुसार १० सेकंद लांबविण्याची सोय केली. तिचा लाभ कोणाला? हिरवा संपल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत जी बस येईल तिला, म्हणजे बारा बसगाड्यांपैकी एकीला. त्या एकीचा सव्वा मिनिटाच्या आसपासचा वेळ वाचतो. उरलेल्या अकरांना काहीच मिळत नाही. सरासरी २७ वरून सुमारे २० सेकंदांवर येते. ही सुधारणा क्षुल्लक नव्हे, पण जाहिरातीत शोभावी एवढी मोठीही नव्हे.

याउलट, वर्दी देणारे कोणतेही यंत्र न बसविता आवर्तनच १२० ऐवजी ६० सेकंदांचे केले आणि हिरव्या-लालाचे प्रमाण तेच ठेवले (२० सेकंद हिरवा, ४० लाल), तर बसचे सरासरी थांबणे १३ सेकंदांवर येते. ते निम्मे होते, तेही प्रत्येक बसचे. मग आवर्तने आखूड का करीत नाहीत? कारण एका दिशेचा दिवा बंद होऊन दुसरीचा लागेपर्यंत दर वेळी काही सेकंद वाया जातात. असे चार टप्पे असतील आणि प्रत्येक बदलात चार सेकंद जात असतील, तर आवर्तनामागे १६ सेकंद गेले : १२० मधून १६ म्हणजे १३ टक्के, ६० मधून १६ म्हणजे जवळजवळ २७ टक्के. आखूड आवर्तन परवडावयाचे तर टप्पे कमी हवेत. चाराचे दोन केले की ६० सेकंदांतही तूट पुन्हा १३ टक्क्यांवरच येते. टप्पे कमी करावयाचे म्हणजे मुख्यतः चौकातील उजवे वळण बंद करावयाचे, आणि उजवीकडे जाणाऱ्या मोटारीने व दुचाकीने पुढे जाऊन वळसा घालून यावयाचे.

येथे अपादान सापडले. बसला मिळणारा वेळ उजवीकडे वळणाऱ्या वाहनापासून यावयाचा आहे. हे वाक्य योजनेत लिहिणे कठीण असते, कारण उजवीकडे वळणारा मतदारही असतो, चौकातील दुकानदारही असतो, क्वचित योजना मंजूर करणाऱ्या समितीचा सभासदही असतो. म्हणून वाक्य चतुर्थीवर थांबते. आणि वाक्य थांबल्यावर चौकात काय होते? रस्त्याच्या मध्यभागी बसमार्गिका आली की उजवीकडे वळणारी मोटार सरळ जाणाऱ्या बसच्या वाटेला छेद देऊ लागते. दोघांना वेगळे करण्यासाठी आणखी एक टप्पा घालावा लागतो, आणि आवर्तन लांबते. अग्रक्रम घोषित झालेल्या बसलाच पूर्वीपेक्षा अधिक वेळ उभे राहण्याची पाळी येते. ज्याचे अपादान सांगितले नाही असे दान अखेर संप्रदानाच्याच खिशातून वसूल होते!

अपादान न सांगण्याचा हा संकोच केवळ राजकीय आहे असे समजणे मात्र एकांगी होईल. मोजमापाच्या परिभाषेतच त्याचे मूळ आहे. सिग्नलच्या वेळेचे अभिजात गणित वेब्स्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये मांडले. आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते प्रथम शिकविले जाते. त्यात जो विलंब कमीत कमी करावयाचा तो वाहनांचा सरासरी विलंब होय. आणि वाहने मोजण्यासाठी जे एकक वापरतात त्याचे नाव 'प्रवासी मोटार एकक'. नावात 'प्रवासी' आहे, पण मोजणीत प्रवासी नाही. मोजले जाते ते वाहनाने व्यापलेले रस्त्याचे अवकाश. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत (क्रमांक १०६) मोटारीला १, दुचाकीला वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार ०.५ किंवा ०.७५, आणि 'ट्रक किंवा बस' यांना २.२ किंवा ३.७ असे अंक दिले आहेत. यातील 'किंवा' हे उभयान्वयी अव्यय भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षून चालणार नाही. वाळूने भरलेला ट्रक आणि साठ माणसांनी भरलेली बस या हिशेबात एकच वस्तू आहे. दुचाकीला ०.७५ आणि बसला ३.७ हे अंक घेतले, तर एक बस म्हणजे जवळजवळ पाच दुचाकी : साठ माणसांच्या पारड्यात फार तर दहा माणसे.

रस्त्यावर वाहने मावतील किती, एवढाच प्रश्न असेल तर हे एकक योग्य आहे, आणि त्याच्या कर्त्यांना दोष देण्याचे कारण नाही. घोटाळा होतो तो हेच एकक 'कोणाचा वेळ वाचवावा' या प्रश्नाच्या उत्तरात घुसल्यावर. राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्ये रस्त्याच्या जागेचे वाटप करताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी धरावीत असे स्पष्ट सांगितले. पण धोरण एका शब्दसंग्रहात लिहिले गेले आणि चौकाचा तक्ता दुसऱ्या. दोन शब्दसंग्रहांमध्ये भाषांतर करणारा दुभाषी नेमला गेला नाही.

दिल्लीत हा विसंवाद न्यायालयापर्यंत गेला. बसमार्गिका इतर वाहनांना खुली करावी, या मागणीसाठी केलेल्या अर्जाच्या संदर्भात केंद्रीय रस्ता संशोधन संस्थेने २०१२ मध्ये पाहणी केली, आणि मार्गिका वेगळी न ठेवणेच सोयीचे असा तिचा निष्कर्ष निघाला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये अर्ज फेटाळला आणि वाहनांपेक्षा माणसांच्या हिताचा विचार मान्य केला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या पाहणीवर पक्षपाताचा आरोप करणे जितके चुकीचे, तितकेच तिच्या निष्कर्षाला अखेरचा शब्द मानणे चुकीचे. 'सरासरी विलंब' या पदाच्या पोटात 'वाहनांचा' ही षष्ठी गृहीत धरली की उत्तर एक येते, 'माणसांचा' धरली की दुसरे. योजना न्यायालयात टिकली, रस्त्यावर टिकली नाही. तिच्या विरोधकांना अपादान रोज चौकात भोगावे लागत होते, आणि ते कशासाठी हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नव्हते.

अपादान उघड सांगूनही योजना चालते, याचे उदाहरण युरोपात आहे. झुरिच शहराच्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव फेटाळला आणि १९७७ मध्ये रस्त्यावरील ट्राम व बस यांच्या खोळंब्यावर उपाय करण्यासाठी निधी मंजूर केला. सिग्नलपाशी ट्रामला शक्य तो थांबावेच लागू नये, असे तेथे ठरले. तेवढ्यावर न थांबता खासगी मोटारींचा लोंढा शहराच्या वेशीवरील सिग्नलपाशीच थोपवून धरण्याची व्यवस्था करण्यात आली. म्हणजे सेकंद कोणापासून घ्यावयाचे आणि कोठे घ्यावयाचे, हे दोन्ही ठरले. झुरिचची लोकसंख्या, शिस्त आणि पैसा आपल्याकडे नाही, हा आक्षेप खरा आहे. पण वाक्य पुरे करावयास पैसा लागत नाही.

आपल्या वाक्याचा आणखी एक दोष त्याच्या क्रियापदात आहे. 'देण्यात येईल' या प्रयोगाने शासकीय मराठीत बस्तान बसविले आहे; त्यात कर्ता लुप्त राहतो. साध्या परिपत्रकात याने फारसे बिघडत नाही. सिग्नलच्या बाबतीत मात्र कर्ता खरोखरच तिघांत विभागलेला आहे : रस्ता आणि दिवे महानगरपालिकेचे, दिव्यांचे नियंत्रण वाहतूक पोलिसांकडे, आणि बस परिवहन महामंडळाची. पुण्यात तर २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवा एकत्र करून एकच महामंडळ झाले, पण महानगरपालिका दोनच राहिल्या. अशा स्थितीत 'अग्रक्रम देण्यात येईल' असे म्हणणे म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहावे याची सोय करून ठेवणे होय. 'वाहतूक पोलीस अमुक चौकात उजव्या वळणाचा टप्पा रद्द करतील आणि बसच्या टप्प्याला इतके सेकंद देतील' हे वाक्य कानाला रुक्ष लागते. त्यात कर्ता, अपादान आणि संप्रदान तिन्ही आहेत, आणि ते मोडले तर कोणी मोडले हे कळते.

शब्दयोजनेचा असाच परिणाम मार्गिकेच्या नावातही दिसतो. इंग्रजीच्या छायेत अलीकडे 'समर्पित मार्गिका' असा प्रयोग रूढ होऊ पाहत आहे. समर्पणात भक्तिभाव आहे. जे समर्पण केले त्याची पाळत ठेवीत बसण्याचे कारण उरत नाही. 'राखीव' हा जुना शब्द अधिक प्रामाणिक आहे, कारण त्याच्या धातूतच राखण आहे. शेत राखावयाचे तर राखणदार लागतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बसमार्गिकेच्या तोंडाशी वॉर्डन उभा नसला की दुचाकी आत शिरतात, आणि एकदा त्या आत शिरल्या की चौकातील यंत्राने दिलेले सेकंदही त्याच खातात.

थांब्याच्या जागेविषयी मराठीत 'अलीकडे' आणि 'पलीकडे' हे दोन फार उपयोगी शब्द आहेत. योजनाकारांनी त्यांचा अधिक वापर करावयास हवा. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर बस सिग्नलजवळ आल्याची वर्दी निरर्थक होते, कारण उतारू चढण्यास किती वेळ लागेल हे यंत्राला कळत नाही; हिरवा दिवा लांबतो आणि बस थांब्यावरच उभी असते. थांबा पलीकडे असेल तर ती आधी चौक ओलांडते आणि मग थांबते. दिल्लीत थांबे अलीकडे होते. त्यामागेही एक तर्क होता : नाहीतरी लाल दिव्यापाशी थांबावयाचेच, तर तेवढ्यात उतारू घ्यावेत. तर्क चांगला आहे, पण तो बस लाल दिव्यापाशी थांबणारच हे गृहीत धरतो. अग्रक्रमाची घोषणा आणि अग्रक्रमाचा अभाव अशा दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यात सुखाने नांदू शकतात, त्या अशा.

बसगाड्यांची वारंवारता वाढली की आणखी एक अडचण येते. दर चाळीस सेकंदांनी एक बस येत असेल, तर १२० सेकंदांच्या प्रत्येक आवर्तनात तीन बसगाड्या मागणी करणार. आडव्या रस्त्यावरूनही बस येत असेल तर दोन अग्रक्रम समोरासमोर उभे राहणार. सर्वांना अग्रक्रम ही व्याघाती संज्ञा आहे. अशा मार्गांवर ज्या बसला उशीर झाला असेल, किंवा पुढच्या बसपासून जिचे अंतर वाढले असेल, तिलाच सवलत देणे शहाणपणाचे ठरते. उरलेल्यांचे काम आखूड आवर्तनानेच भागते.

राहिला तो मनुष्य, ज्याचे नाव या वाक्यांत कोणत्याच विभक्तीत येत नाही. थांबा रस्त्याच्या मध्यभागी असला की प्रत्येक उतारूला बसमध्ये चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर अर्धा रस्ता पायी ओलांडावा लागतो. साडेदहा मीटर रुंदीचा तो अर्धा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या प्रमाणित चालीने ओलांडण्यास नऊ सेकंद लागतात, वृद्धाला किंवा मूल कडेवर असलेल्या बाईला अधिक. हे नऊ सेकंद आवर्तनात स्पष्ट राखलेले नसतील, किंवा ते हुकल्यावर पुढच्या संधीसाठी शंभर सेकंद उन्हात उभे राहावे लागत असेल, तर बसमध्ये वाचलेले सहा-सात सेकंद कोणाच्या पदरात पडले, हे सांगता येत नाही. योजनेच्या तक्त्यात हा मनुष्य रस्ता ओलांडताना 'पादचारी' असतो आणि फलाटावर पोहोचल्यावर 'प्रवासी' होतो. दोन नावांमुळे त्याचा वेळ दोन वेगळ्या रकान्यांत जातो, आणि त्या रकान्यांची बेरीज कोठेही केलेली नसते.